नोकरी गेल्यावर ईएसआयचा भत्ता: कागदपत्रं, विलंब आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेरोजगारी भत्त्याचे बहुतेक अर्ज कार्यालयाच्या टेबलावर पोहोचण्याआधीच अडकलेले असतात. कारखान्यानं किंवा ठेकेदारानं काम सुटल्याची तारीख चढवलेली नसते, पगारातून हप्ता कापलेला असतो पण पुढे भरलेला नसतो, आधारवर एक नाव असतं आणि विम्याच्या नोंदीत दुसरं. अर्जदार बिचारा रोज मोबाईलवर ‘प्रलंबित’ हा शब्द बघत राहतो. म्हणून खालच्या उत्तरांमध्ये अर्ज कसा भरायचा यापेक्षा नोंदी कशा सरळ करून घ्यायच्या, यावर जास्त लिहिलं आहे. ज्यांचं काम नुकतंच गेलं आहे त्यांनी आधी ६, ७ आणि ८ हे प्रश्न वाचावेत.

१. खासगी नोकरी गेली तर सरकारकडून भत्ता मिळतो का?

सगळ्यांना मिळत नाही. आपल्याकडे सरसकट बेरोजगारी भत्ता नाही. ज्यांच्या पगारातून ईएसआय कापला जात होता, म्हणजे जे कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडे (ईएसआयसी) विमाधारक आहेत, त्यांच्यासाठी दोन योजना आहेत. महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेले कामगार ईएसआयमध्ये येतात. दिव्यांग कामगारांसाठी ही मर्यादा २५,००० आहे. पगाराच्या ०.७५ टक्के कामगाराकडून आणि ३.२५ टक्के मालकाकडून जातात, यालाच अंशदान म्हणतात. पगार स्लिपवर ‘ईएसआय’ म्हणून वजावट दिसत असेल तर हे पान तुमच्यासाठी आहे.

ही मदत उपकार नव्हे. तुम्ही महिनोन्‌महिने पैसे भरले आहेत, त्या विम्यातून ती येते. खिडकीपुढे उभं राहताना हे मनाशी पक्कं असू द्या.

२. दोन योजना म्हणजे कोणत्या? मी कुठली धरू?

पहिली अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना, १ जुलै २०१८ पासूनची. नोकरी गेल्यावर जास्तीत जास्त ९० दिवस, सरासरी रोजच्या कमाईच्या ५० टक्के. सुरुवातीला हा दर २५ टक्के होता आणि तीन महिने थांबावं लागायचं. करोनाच्या काळात, २०२० मध्ये, दर दुप्पट झाला, थांबण्याची मुदत ३० दिवसांवर आली आणि अर्ज मालकामार्फत करण्याची अटही गेली. ही योजना मुदतवाढीवर चालते, त्यामुळे अर्ज करण्याआधी सध्याची मुदत ईएसआयसीच्या संकेतस्थळावर पाहून घ्या.

दुसरी राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना, १ एप्रिल २००५ पासूनची. हिचं दार अरुंद आहे, पण आत गेलात तर मदत बरीच मोठी: पहिले १२ महिने ५० टक्के आणि पुढचे १२ महिने २५ टक्के. कारखाना कायदेशीररीत्या बंद झाला असेल, कायद्याप्रमाणे कामगारकपात झाली असेल, किंवा कामाशी संबंध नसलेल्या दुखापतीनं ४० टक्के किंवा अधिक कायमचं अपंगत्व आलं असेल, तरच ती लागू होते. किमान दोन वर्षांचं अंशदान लागतं.

कारखान्याला टाळं लागलं असेल किंवा कपातीचं पत्र हातात असेल तर आधी दुसऱ्या योजनेबद्दल विचारा. लोक अटल योजनेचा अर्ज भरून मोकळे होतात आणि २४ महिन्यांच्या मदतीचा विचारही करत नाहीत. एकाच काळासाठी दोन्हीकडून पैसे मिळत नाहीत.

३. ‘७८ दिवस’ हे काय प्रकरण आहे?

ईएसआयचं वर्ष दोन तुकड्यांत मोजतात: १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. यांना अंशदान कालावधी म्हणतात. अटल योजनेसाठी काम जाण्याआधी सलग दोन वर्षं विमायोग्य, म्हणजे ईएसआय लागू असलेली, नोकरी हवी. शिवाय काम जाण्याच्या लगेच आधीच्या कालावधीत किमान ७८ दिवसांचं अंशदान हवं, आणि त्याआधीच्या तीन कालावधींपैकी कुठल्याही एकात आणखी ७८ दिवसांचं.

समजा काम ३० सप्टेंबरला सुटलं. मग एप्रिल ते सप्टेंबर या सहा महिन्यांत पगाराचे ७८ दिवस भरले पाहिजेत. ज्यांना ठेकेदार मधूनमधून ‘ब्रेक’ देतो त्यांचं घोडं इथेच अडतं. तुम्ही प्रत्यक्ष किती दिवस राबलात हे कार्यालयाला दिसत नाही. मालकानं चलनात, म्हणजे अंशदान भरताना, जितके दिवस दाखवले तितकेच दिसतात.

४. हातात नेमके किती पैसे येतील?

आधीच्या चारही अंशदान कालावधींतली एकूण कमाई घ्या, तिला ७३० नं भागा, त्याचं निम्मं करा. हा एका दिवसाचा भत्ता.

पगार १८,००० असेल आणि २४ महिन्यांचं अंशदान नीट भरलं असेल तर एकूण कमाई ४,३२,००० रुपये. भागाकार साधारण ५९२, त्याचं निम्मं २९६. नव्वद दिवसांचे मिळून २६,६०० रुपयांच्या आसपास.

आता याच कामगाराच्या मालकानं दहा महिन्यांचं अंशदान भरलंच नाही असं धरा. नोंदीत कमाई दिसते २,५२,००० रुपये, पण भागायचं ७३० नंच. नव्वद दिवसांची रक्कम १५,५०० च्या आसपास येते. पात्रता टिकली तरी अकरा हजार रुपये गेले, आणि कामगाराला ‘भत्ता मिळाला’ म्हणून कळतही नाही की कमी मिळाला. रक्कम जमा झाली की हा हिशेब स्वतः करून पाहा.

५. माझ्याकडून राजीनामा लिहून घेतलाय. आता मला काही मिळणार नाही का?

गैरवर्तनाच्या शिक्षेमुळे काढलं असेल, निवृत्तीचं वय झालं असेल किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतली असेल तर अटल योजना लागू होत नाही. राजीनाम्याच्या कागदानं प्रश्न निर्माण होतो, कारण त्यातून काम तुम्ही आपणहून सोडलं असा अर्थ काढला जातो.

‘सही कर, नाहीतर हिशेब मिळणार नाही’ असं सर्रास सांगितलं जातं. ही धमकी पोकळ आहे. वेतन संहितेनुसार कामावरून काढलं, कपात केली किंवा राजीनामा दिला, तरी शेवटचा पगार दोन कामाच्या दिवसांत द्यावा लागतो. सही अजून केली नसेल तर करू नका. करावीच लागली तर सहीखाली तारीख घाला आणि ‘कंपनीनं काम नसल्याचं सांगितल्यामुळे’ एवढे शब्द हातानं लिहा. आधीच केली असेल तर त्याच आठवड्यात मालकाला ईमेल किंवा स्पीड पोस्टनं कळवा की राजीनामा कोणत्या परिस्थितीत घेतला गेला. व्हॉट्सॲपवर सुपरवायझरनं ‘उद्यापासून येऊ नका’ असं लिहिलं असेल तर तो संदेश जपून ठेवा, फोन बदलण्याआधी त्याची प्रिंट काढा.

६. अर्ज करण्याआधी काय काय तपासू?

यासाठी एक अख्खी दुपार ठेवा. इथे दिलेला वेळ पुढचे दोन-तीन महिने वाचवतो.

ईएसआयसीच्या पोर्टलवर विमाधारक म्हणून लॉगिन करा. त्यासाठी दहा अंकी विमा क्रमांक लागतो, तो ईएसआयच्या ई-पहचान कार्डावर असतो. कार्ड कधी मिळालंच नसेल तर जुन्या पगार स्लिपवर शोधा. काहींच्या नावावर दोन विमा क्रमांक निघतात, कारण नव्या ठेकेदारानं जुना नंबर न विचारता नवा काढलेला असतो. असं असेल तर दोन्ही क्रमांक एकत्र करण्याची मागणी शाखा कार्यालयात आधी करा, नाहीतर तुमची दोन वर्षं दोन ठिकाणी विखुरलेली राहतील आणि पात्रता कुठेच दिसणार नाही.

मग अंशदानाचा तपशील उघडा. महिन्यागणिक दिवस आणि पगार पाहा, पगार स्लिपा शेजारी ठेवून जुळवा. जिथे दिवस कमी दिसतात तिथे खूण करा.

त्यानंतर नाव, जन्मतारीख, मोबाईल, आधार. आधार आणि बँक खातं दोन्ही विम्याच्या नोंदीला जोडलेली हवीत. बँकेबाबत एक गोष्ट नेहमी निसटते: देना बँक, विजया बँक, सिंडिकेट, कॉर्पोरेशन, अलाहाबाद अशा बँका दुसऱ्या बँकांत विलीन झाल्या आणि त्यांचे आयएफएससी कोड बदलले. नोंदीत जुना कोड राहिला असेल तर अर्ज मंजूर होऊनही पैसे परत जातात. नव्या पासबुकावरचा कोड तपासा.

शेवटी, काम सुटल्याची नोंद. हा पुढचा प्रश्न.

७. मालक माझं नाव काढतच नाही. पोर्टलवर मी अजून कामावरच दिसतो.

सगळ्यांत जास्त अर्ज इथे रुततात, आणि याची माहिती कामगारांना सगळ्यांत कमी असते.

मालक दर महिन्याला अंशदान भरतो तेव्हा प्रत्येक कामगारापुढे दिवस लिहितो. कुणाचे दिवस शून्य असतील तर त्याचं कारण निवडावं लागतं: रजेवर, नोकरी सोडली, निवृत्त, मर्यादेबाहेर, संप किंवा टाळेबंदी, कामगारकपात, काम नाही, वगैरे. सोबत कामाचा शेवटचा दिवस भरायचा असतो. कंपनीतला हिशेबनीस घाईत ‘रजेवर’ किंवा ‘कारण नाही’ टाकून पुढे जातो. त्या एका नोंदीमुळे सरकारी कागदावर तुम्ही बेरोजगारच नसता.

म्हणून मालकाला लेखी मागणी करा: माझा कामाचा शेवटचा दिवस अमुक, कारण अमुक, त्याप्रमाणे नोंद करावी. मालक एका महिन्याचं चलन पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरतो, म्हणून पत्र त्याआधी पोहोचेल असं पाहा. कामगारकपात झाली असेल तर ‘नोकरी सोडली’ हे कारण चालवून घेऊ नका. दोन्हींचा परिणाम वेगळा आहे, हे प्रश्न २ वाचलं असेल तर लक्षात येईल.

आठ-दहा दिवसांत नोंद झाली नाही तर मालकाला दिलेल्या पत्राची प्रत जोडून शाखा कार्यालयात अर्ज द्या. सोबत काम गेल्याचा कुठलाही पुरावा जोडा: पत्र, ईमेल, बँकेत शेवटचा पगार जमा झाल्याची नोंद, गेटपास परत घेतल्याची पावती. मालकाकडे खातरजमा करण्याचे अधिकार कार्यालयाला आहेत. ते काम तुमच्या गळ्यात घालू देऊ नका. ‘आधी मालकाची सही आणा’ असं तोंडी सांगितलं गेलं तर तेच लेखी मागा.

८. पगारातून ईएसआय कापला, पण भरलाच नाही. आता?

याचा राग यायलाच हवा. कामगाराच्या पगारातून कापलेली रक्कम मालकाकडे विश्वासानं सोपवलेली असते. ती न भरणं हा नुसता उशीर नाही, कायद्यानं गुन्हा आहे.

दोन गोष्टी समांतर करा. पहिली, पुरावा: वजावट दिसणाऱ्या पगार स्लिपा, बँकेचं स्टेटमेंट, हजेरी कार्ड, गेटपास. स्लिप कधी दिलीच नसेल तर बँक स्टेटमेंट आणि सहकाऱ्यांची लेखी निवेदनं. एकाच कारखान्यातले पाच-दहा जण मिळून तक्रार केलीत तर वजन पडतं, आणि एकट्यावर दबाव टाकणं अवघड होतं.

दुसरी, तक्रार. ती प्रादेशिक किंवा उपप्रादेशिक कार्यालयाकडे द्या, नुसती शाखेत नको. शाखेचं काम लाभ वाटण्याचं आहे. वसुली आणि तपासणी वरचं कार्यालय पाहतं, तिथला सामाजिक सुरक्षा अधिकारी कारखान्याचे हजेरीपट तपासू शकतो. तक्रारीत महिनेवार तक्ता द्या: कोणत्या महिन्यात किती कापले, पोर्टलवर किती दिवस दिसतात.

१९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याच्या कलम ६८ मध्ये एक महत्त्वाची तरतूद आहे. मुख्य मालकानं (ज्याच्या आवारात काम चालतं त्यानं) अंशदान न भरल्यामुळे कामगाराचा लाभ बुडत असेल तर महामंडळ कामगाराला लाभ देऊन तो मालकाकडून वसूल करू शकतं. ‘मालकानं भरलं नाही, आम्ही काय करणार’ असं ऐकायला मिळालं तर शांतपणे या तरतुदीकडे बोट दाखवा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्यानं कलमांचे क्रमांक बदलले आहेत, त्यामुळे अर्जात नुसता कलमाचा आकडा न टाकता मागणी पूर्ण वाक्यात लिहा.

९. मी ठेकेदाराकडे होतो. तो काम सोडून निघून गेला, फोनही उचलत नाही.

ठेकेदाराच्या कामगारांचं अंशदान भरण्याची पहिली जबाबदारी मुख्य मालकाची असते, म्हणजे ज्या कंपनीच्या आवारात तुम्ही काम केलंत तिची. ठेकेदाराकडून वसूल करणं हा त्यांचा आपसातला व्यवहार. तुमची सगळी पत्रं ठेकेदारासोबत मुख्य कंपनीच्या मनुष्यबळ विभागालाही पाठवा. कंपनीच्या गेटवरचे हजेरीचे तपशील, सुरक्षा प्रशिक्षणाचं कार्ड, कँटीनचं कुपन, असं काहीही तुम्ही तिथे काम केल्याचं दाखवतं.

१०. आधारवरचं नाव आणि ईएसआयमधलं नाव जुळत नाही.

आधी ठरवा की कोणता कागद बरोबर आहे. बहुधा आधार बरोबर असतं आणि नोंद करणाऱ्यानं वडिलांचं नाव गाळलेलं किंवा आडनाव आधी टाकलेलं असतं. मग शाखा कार्यालयात दुरुस्तीचा अर्ज आणि आधारची स्वयंसाक्षांकित प्रत द्या. चूक आधारमध्येच असेल तर आधी ते दुरुस्त करा. उलट्या क्रमानं केलंत तर दुरुस्ती दोनदा करावी लागते.

लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांना याचा फार त्रास होतो. विवाह नोंदणी प्रमाणपत्र असेल तर ते पुरेसं ठरतं. नसेल तर राज्य शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्यावा लागतो, त्याला वेळ जातो. भत्त्यासाठी तुम्ही बँकेत, आधारवर आणि विम्यात तिन्हीकडे लग्नाआधीचं एकच नाव ठेवलंत तरी काही बिघडत नाही. तिन्ही कागद एकमेकांशी जुळले पाहिजेत, एवढंच.

११. अर्ज कसा करायचा? स्टॅम्प पेपर लागतो का?

पोर्टलवर लॉगिन करून अटल योजनेचा दावा भरायचा, आधार आणि बँक तपशिलाच्या स्कॅन प्रती चढवायच्या. प्रती चढवल्या असतील तर कागदी अर्ज नेऊन देण्याची गरज नाही. चढवल्या नसतील तर भरलेल्या अर्जाची प्रिंट काढून, सही करून, झेरॉक्ससह शाखेत द्यायची.

प्रतिज्ञापत्राची अट नोव्हेंबर २०२० मध्ये काढून टाकली आहे. तरीही काही ठिकाणी बाहेर बसलेले लोक स्टॅम्प पेपर घ्यायला लावतात. गरज नाही.

पुढच्या तारखांसाठी आधीच दावा करता येत नाही. बेरोजगारीचे जे दिवस उलटून गेले आहेत त्यांचाच होतो.

१२. शेवटची मुदत किती?

काम गेल्याच्या तारखेपासून एक वर्ष. ‘मालकानं नोंद केली की अर्ज करू’ म्हणून थांबणारे पुष्कळ असतात, आणि मालक वर्षभर झुलवत ठेवतो. नोंद अपुरी असली तरी अर्ज मुदतीत टाका. तो त्रुटीसह परत आला तरी तुम्ही वेळेत मागणी केल्याची नोंद राहते. पोर्टल अर्ज स्वीकारतच नसेल तर पडद्याचा फोटो काढा, त्यावर तारीख दिसू द्या, आणि त्याच दिवशी शाखेत लेखी अर्ज द्या.

१३. अर्ज देऊन महिना झाला. कुणाला विचारू, काय लिहू?

नियमाप्रमाणे दावा मिळाल्यापासून १५ दिवसांत निकाली निघायला हवा. सोळाव्या दिवसापासून विचारायला लागा. खिडकीवर तोंडी विचारपूस केल्याचा पुढे काही उपयोग होत नाही. आवक विभागात पत्र द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. पोच द्यायला नकार दिला तर वाद न घालता तेच पत्र स्पीड पोस्टनं पाठवा.

पत्र छोटं हवं. असं:

*प्रति, शाखा व्यवस्थापक, कर्मचारी राज्य विमा महामंडळ.*
*विषय: अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेचा दावा क्र. ……, विमा क्र. ……*
*महोदय, वरील दावा मी दि. …… रोजी ऑनलाइन दाखल केला आहे. पंधरा दिवस उलटूनही निर्णय कळलेला नाही. कृपया (१) दावा सध्या कोणत्या टप्प्यावर आहे, (२) काही त्रुटी असल्यास ती कोणती आणि कोणत्या कागदानं दूर होईल, (३) मालकाकडे खातरजमेसाठी पत्र पाठवलं असल्यास त्याची तारीख, हे लेखी कळवावं. माझ्या घरात सध्या दुसरं उत्पन्न नाही, तरी लवकर निर्णय व्हावा ही विनंती.*

तीन नेमके प्रश्न विचारल्यानं ‘कार्यवाही सुरू आहे’ एवढ्यावर भागवता येत नाही.

यानं हललं नाही तर केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स या तक्रार पोर्टलवर नोंद करा, शाखेच्या पत्राचा आवक क्रमांक त्यात टाका. ईएसआयसीचा टोल फ्री क्रमांक १८००-११-२५२६ आहे. कार्यालयांमध्ये ‘सुविधा समागम’ नावाची तक्रार बैठक भरते. तिथे अधिकाऱ्यासमोर बसून बोलता येतं, फाईल मागवली जाते. माझ्या मते गुंतागुंतीच्या प्रकरणात फोनपेक्षा ही बैठक कितीतरी उपयोगी.

आणि माहितीचा अधिकार आहेच. दहा रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क माफ. त्यात ‘माझे पैसे का मिळाले नाहीत’ असं विचारू नका. ‘दावा क्रमांक अमुकवर दि. अमुकपासून आजपर्यंत झालेल्या दैनंदिन कार्यवाहीची आणि टिपणीची प्रत द्यावी’ असं मागा. अधिकाराखाली नोंदी मिळतात, कारणमीमांसा मिळत नाही. उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा.

१४. अर्ज ‘त्रुटी’ दाखवून परत आला.

घाबरू नका, हा नकार नव्हे. त्रुटी काय लिहिली आहे ते शब्दशः वहीत उतरवा. जेवढं मागितलं तेवढंच द्या, पण सगळं एकाच वेळी द्या. आज पासबुक, उद्या आधार असं केलंत तर प्रत्येक वेळी फाईल रांगेत मागे जाते. वरच्या पत्रात ‘दि. …… च्या त्रुटीपत्राची पूर्तता’ असं लिहून सोबतच्या कागदांची यादी क्रमांकासह द्या. मूळ कागद कुणाकडेही सोडू नका.

१५. दावा नाकारला. संपलं का?

नाही. नकार कारणासह लेखी मागा. कारण नोंदीतल्या चुकीचं असेल (दिवस कमी, शेवटची तारीख नाही) तर प्रश्न ७ आणि ८ प्रमाणे नोंद दुरुस्त करून प्रादेशिक कार्यालयाकडे फेरविचार मागा. कारण पात्रतेच्या अर्थाबद्दल असेल, उदाहरणार्थ राजीनामा आपखुशीनं दिला होता की नाही, तर तो वाद कर्मचारी विमा न्यायालयात नेता येतो.

वकिलाच्या खर्चानं मागे हटू नका. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे औद्योगिक कामगार, स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती मोफत कायदेशीर मदतीला पात्र आहेत. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तिथे साध्या अर्जावर वकील मिळतो. हा हक्क वापरणारे कामगार फार थोडे आहेत, याचं वाईट वाटतं.

१६. मधेच दुसरं काम लागलं तर?

नवं काम लागल्याच्या तारखेपर्यंतचाच भत्ता. ती तारीख लपवू नका, नव्या मालकानं पहिलं चलन भरलं की ती दिसतेच. दोन ठिकाणी विमाधारक असाल आणि एकच काम गेलं असेल तर योजनेच्या दृष्टीनं तुम्ही बेरोजगार नाही.

१७. भत्ता मिळेपर्यंत दवाखाना बंद होतो का?

भत्त्याच्या काळात वैद्यकीय लाभ चालू राहतो. त्याशिवाय, अंशदान भरलेल्या कालावधीचा लाभ काही महिने पुढे मिळतो: एप्रिल ते सप्टेंबरच्या अंशदानावर पुढचे जानेवारी ते जून, ऑक्टोबर ते मार्चच्या अंशदानावर जुलै ते डिसेंबर. त्यामुळे काम गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी कुणी औषध नाकारत असेल तर पोर्टलवरची पात्रता दाखवा. घरात कुणाचा मधुमेहाचा किंवा डायलिसिसचा उपचार चालू असेल तर हे आधी पाहा, भत्ता नंतर.

१८. पीएफचं काय? तोही अडकलाय.

पीएफ तुमचीच बचत आहे, भत्त्याशी त्याचा संबंध नाही. दोन्ही मागता येतात. अडकण्याची कारणं मात्र तीच.

काम सुटल्याची तारीख मालकानं टाकली नसेल तर शेवटच्या अंशदानाला दोन महिने झाल्यावर ती तुम्ही स्वतः आधार ओटीपीनं टाकू शकता. ईएसआयमध्ये नसलेली ही सोय पीएफमध्ये आहे, जरूर वापरा. आधारशी पडताळलेल्या यूएएनवर (पीएफच्या कायमच्या क्रमांकावर) नाव, जन्मतारीख अशा बऱ्याच दुरुस्त्या जानेवारी २०२५ पासून मालकाशिवाय करता येतात, आणि चेकचा फोटो चढवण्याची अट एप्रिल २०२५ मध्ये गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये पीएफ चालवणाऱ्या ईपीएफओच्या केंद्रीय विश्वस्त मंडळानं ठरवलं की बेरोजगारीत ७५ टक्के रक्कम लगेच काढता यावी आणि उरलेली २५ टक्के वर्षानं. तुमच्या अर्जात पोर्टल कोणता पर्याय दाखवतं ते पाहून भरा.

पूर्ण कागदपत्रांसह केलेला दावा २० दिवसांत निकाली निघायला हवा. ईपीएफओची तक्रारप्रणाली ईपीएफआयजीएमएस नावाची आहे, तिथे दाव्याचा क्रमांक टाकून तक्रार करा. पेन्शनचा भाग काढण्याची घाई मात्र करू नका. दहा वर्षांची सेवा झाली की पेन्शनचा हक्क तयार होतो. आठ-नऊ वर्षं झालेल्या माणसानं ते पैसे काढून टाकले तर म्हातारपणीचा आधार जातो. त्याऐवजी योजना प्रमाणपत्र घेऊन ठेवता येतं, म्हणजे झालेली सेवा पुढच्या नोकरीत मोजली जाते.

१९. माझा पगार २१ हजारांच्या वर होता.

मग ईएसआयचा भत्ता नाही. पीएफ, ग्रॅच्युइटी, नोटिशीचा पगार आणि कपात झाली असेल तर सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराची भरपाई, एवढं मालकाकडून मागा. पगार अलीकडेच वाढून मर्यादा ओलांडली असेल तर थांबा: चालू अंशदान कालावधी संपेपर्यंत तुम्ही ईएसआयमध्येच असता.

२०. कार्यालयाबाहेरचा एजंट म्हणतो, दोन हजारांत काम करून देतो.

देऊ नका. अर्जाला शुल्क नाही. एजंट ओटीपी मागतो आणि अर्जात स्वतःचा मोबाईल नंबर टाकतो, मग त्रुटीचे संदेशही त्याच्याकडेच जातात. फॉर्म भरता येत नसेल तर कामगार संघटनेच्या कार्यालयात जा, किंवा घरातल्या शिकणाऱ्या मुलीला-मुलाला शेजारी बसवा, पण ओटीपी तुमच्याच फोनवर येऊ द्या.

२१. काम गेल्यावर गावी परत आलोय. शहरातल्या शाखेत कसा जाऊ?

अर्ज पोर्टलवरून कुठूनही करता येतो, पत्रव्यवहार स्पीड पोस्टनं. शहरातलं सिम रिचार्जअभावी बंद पडू देऊ नका, आधार आणि विमा दोन्हींचे ओटीपी त्यावरच येतात. नंबर बदलायचाच असेल तर आधी आधारमध्ये, मग विम्याच्या नोंदीत बदला, आणि त्यानंतरच दावा भरा. शहरात राहिलेल्या एखाद्या सहकाऱ्याला त्याच्या सुटीच्या दिवशी शाखेत पाठवायचं असेल तर त्याच्या नावानं सही केलेलं अधिकारपत्र, तुमच्या आधारची प्रत आणि आवक क्रमांक असलेलं जुनं पत्र द्या. आणि तो जाणार त्या दिवशी शाखा उघडी आहे ना, हे त्याला आधी विचारून घ्यायला सांगा.